गाणारी पॉटी आणि मुकी पॉटी, दोन्ही वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकतो (आणि घरात दोन-अडीच वर्षांचं पोर चड्डी काढून पळत असेल तर घाई असणारच). साधी पॉटी घ्या. जमिनीवर घट्ट बसणारी, आतलं भांडं वरून उचलून काढता येणारी, बस. गाणं नको, लाइट नको, फ्लशचा खोटा आवाज नको, गाडीचा नाहीतर बदकाचा आकार तर अजिबातच नको. थांबायचं तर इथेच थांबा, पुढे सगळी कारणं आहेत आणि ती जेवताना वाचण्यासारखी नाहीत.

आमच्याकडे दोन पॉट्या आहेत. पहिली मामाने भाच्यासाठी हौसेने आणलेली, म्हणजे अर्थातच गाणारी. दुसरी आम्ही नंतर घेतली, ती मुकी. कंपन्यांची नावं देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच दोन डिझाइनं वेगवेगळ्या नावांनी विकायला असतात, तुम्हाला बघताक्षणी ओळखू येतील.

आधी गाणारी. ही चालते कशी तर भांड्याच्या तळाशी दोन बारीक धातूचे ठिपके असतात, त्या दोघांवर मिळून काहीतरी ओलं पडलं की सर्किट जुळतं आणि खालचा स्पीकर गायला लागतो. कल्पना अशी की पोराने शू केली की लगेच बक्षीस, पोर खूश, म्हणून पोर परत तिथेच शू करणार. ऐकायला झकास. पण त्या ठिपक्यांना ओलं म्हणजे ओलं, ते शूचं की नळाचं हे त्यांना कुठून कळणार, आणि ही गोष्ट आमच्या चिरंजीवांना आमच्याआधी कळली. एका दुपारी बाथरूममधून गाणं ऐकू आलं म्हणून मी आणि बायको टाळ्या वाजवत धावलो तर साहेब कोरड्या चड्डीत पॉटीसमोर उकिडवे बसलेले, हातात दात घासायचा मग, आणि त्यातून थेंब थेंब पाणी आत सोडणं चाललेलं. गाणं थांबलं की मान वाकडी करून आत बघायचं, परत एक थेंब. एवढी एकाग्रता मी त्याच्यात आजवर बघितली नव्हती. म्हटलं बस की रे वर, तर म्हणे "नको बाबा, ती गातेय." म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडावर कोण बसणार! तर्क चुकीचा नाही म्हणा.

मजेचा भाग सोडला तरी घोळ तिथेच आहे. शिकायचं काय असतं तर खाली दाटून आलंय हे आधी कळणं, ते कळल्यावर क्षणभर धरून ठेवणं, खेळ सोडून चालत जाणं, चड्डी खाली करणं, बसणं, आणि मग सैल सोडणं. मोठ्यांना हे एकच काम वाटतं पण लहान पोरासाठी ही पाच-सहा वेगवेगळी कामं आहेत आणि ती ह्याच क्रमाने व्हायला लागतात. गाणं वाजतं ते पार शेवटी, सगळं झाल्यावर. अवघड भागात त्याची काडीची मदत नाही. उलट लक्ष पोटाकडे जायचं ते वस्तूकडे जातं. आणि शू सुरू होता होता मधेच खालून ढॅण्टॅडॅण झालं की काही मुलं दचकून शू थांबवतात, आमच्याने दोनदा तरी तेच केलं आणि मग उठून लगेच गालिच्यावर उरलेली.

बॅटरी उतरली की अजून वेगळा प्रकार. गाणं हळू, जाड, खेचल्यासारखं येतं, भुताच्या सिनेमातल्यासारखं. पोर घाबरलं. त्यानंतर पॉटी दिसली की पाय आखडून घ्यायचं. भांडं धुऊन नीट कोरडं नाही केलं तर ती बया मध्यरात्री स्वतःहून गाते, हे वेगळं सांगायला नको, आजी उठून देवघरापर्यंत जाऊन आली एकदा.

आता मुख्य मुद्दा, जो कुठल्याही जाहिरातीत नसतो. पॉटीचे ग्राहक दोन. एक बसणारा आणि एक उपसणारा. खोक्यावर फोटो बसणाऱ्याचा असतो, हसरा, गुटगुटीत, बहुतेक वेळा कपडे घालूनच बसलेला. उपसणाऱ्याचा फोटो कुठेच नाही. आणि वस्तू बनवणाऱ्याने उपसणाऱ्याचा विचार केलाय का हे कळायला दुकानात फक्त एक गोष्ट करून बघा, आतलं भांडं एका हाताने काढून बघा. दुसऱ्या हातात पोर असणार आहे, ज्याच्या ढुंगणाला अजून शी लागलेली आहे आणि ज्याला आत्ताच्या आत्ता सोफ्यावर चढायचंय.

आमच्या गाणारीचं भांडं मागून ड्रॉवरसारखं ओढून काढायचं. ड्रॉवर म्हटल्यावर तो अडकणार, अडकल्यावर झटका द्यायला लागणार, आणि आत पातळ पदार्थ असताना झटका दिल्यावर काय होतं हे तुम्हीच समजून घ्या. मुकीचं भांडं वरून उचलायचं, मागे बोटं घालायला ओठ आहे, पुढे ओतायला किंचित चोच आहे. उचललं, कमोडमध्ये ओतलं, खंगाळलं, परत ठेवलं. एवढंच. पण ह्या एवढंचसाठी मी तिला मनापासून मार्क देतो.

दुसरं बघायचं ते सांधे. भांडं आणि बाहेरची बैठक ह्यांच्यामध्ये जी फट असते तिच्यात शू शिरते. बघताना दिसत नाही. दोन दिवसांनी वास येतो आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. गाणारीत स्पीकर आणि बॅटरीचा डबा खालीच, त्यामुळे ती पाण्याखाली धरता येत नाही, ओल्या फडक्याने पुसायची, आणि स्क्रूच्या खोबणीत फडकं जात नाही म्हणून इअरबड. एका माणसाने शू केली म्हणून दुसऱ्या माणसाने इअरबड घेऊन बसायचं, हे मला पटत नाही. मुकी दोन तुकड्यांची, कुठे खोबण नाही, कोपरे गोल, नळाखाली धरली की झालं. शिवाय पॉटी पांढरी किंवा फिकट घ्या असं मी सांगेन, गडद रंगात काय लागलंय काय नाही दिसत नाही. आणि भांड्यात थोडंसं पाणी आधीच घालून ठेवलं तर शी चिकटत नाही (गाणारीत हे करताच येत नाही, का ते आता कळलंच असेल).

मुलगा असेल तर पुढे ते उंचवट्याचं टोक असतं ना, शू बाहेर उडू नये म्हणून, ते बघून घ्या. काहींत ते कडक आणि उंच, काढघालीचं असतं. बसता-उठता पोराला नेमकं नको तिथे लागतं, आणि एकदा लागलं की पुढे कित्येक दिवस तो बसायचं नाव काढत नाही. त्यापेक्षा भांड्याच्याच आकारात पुढची कड थोडी वर घेतलेली, गोल, गुळगुळीत असेल ती बरी. बाकी पुढे वाकून बसवायची सवय लावली की अर्धं काम तसंच होतं. मुलांनाही आधी बसूनच शिकवा, उभं राहून नेम धरणं हा पुढचा अभ्यासक्रम.

बसणाऱ्याच्या बाजूने बघायचं तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पाय. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आले तर उत्तमच. हे नुसतं आरामासाठी नाही. शी करताना खालचे स्नायू सैल सोडायचे असतात, आणि पाय लोंबकळत असतील तर पोर तोल सांभाळायला तेच स्नायू आवळून धरतं. तुम्ही स्वतः उंच स्टुलावर पाय हवेत ठेवून बसा आणि जोर लावायचा प्रयत्न करा, कळेल. गाणारी गाडीच्या आकाराची, तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, मध्ये स्टिअरिंग. पाय फाकलेले, टाचा वर, आणि सगळं लक्ष भुर्र करण्यात. शिवाय तशा बैठकीवर बसायला चड्डी पूर्ण काढायला लागते, नुसती खाली करून भागत नाही, म्हणजे ऐनवेळी अजून एक पायरी वाढली.

शीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण खरी परीक्षा शूची नसतेच. शू आमच्याकडे बऱ्यापैकी लवकर जमली. शीला मात्र डायपरच हवा. लागली की पडद्यामागे जाऊन उभं राहायचं, चेहरा लाल, "इकडे नको येऊ." हे पुष्कळ मुलं करतात. आणि इथे जबरदस्ती केली की ती धरून ठेवतात, धरली की शी कडक होते, कडक झाली की दुखते, दुखली की अजून धरतात. फार दिवस असं चाललं तर आतला भाग ताणला जाऊन लागल्याची जाणीवच बोथट होते, आणि मग कडक गोळ्याच्या बाजूने पातळ शी चड्डीत झिरपते, आईबापांना वाटतं जुलाब झालेत. असं काही दिसलं तर पॉटी बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा, आधी बद्धकोष्ठ सुटू द्या. तोवर डायपर मागितला तर द्या बिनधास्त. आमच्याकडे आधी डायपर घालून पण बाथरूममध्येच उभं राहायचं, मग डायपर घालूनच मुकीवर बसायचं, असं करत करत सरकत गेलो. पॉटी हलकी आणि साधी असल्यामुळे पहिले काही दिवस ती चक्क पडद्यामागे नेऊन ठेवता आली हेही एक.

जेवण झाल्यावर थोड्या वेळाने बसवायचं, हाही जुनाच उपाय पण त्याला कारण आहे, पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात. बसवायचं पण पाच मिनिटांच्या वर नाही. नाही झाली तर नाही झाली, उठ आणि खेळ.

कधी सुरू करायचं ह्यावर प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतो. आमच्याकडे आजी, तिच्या मते मी वर्षाचा व्हायच्या आत सांगायला लागलो होतो. माझा त्यावर विश्वास नाही, पण वाद घालायची हिंमतही नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बेरी ब्राझल्टन यांनी १९६२ मध्ये आपल्याकडे येणाऱ्या १,१७० मुलांच्या नोंदी छापल्या होत्या, त्यात दिवसा कोरडं राहायला लागायचं सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होतं. सरासरी म्हणजे कितीतरी मुलं त्याच्या नंतरची. त्यांची पद्धत ह्या रिव्ह्यूच्या कामाची आहे कारण ती सुरूच होते पॉटीच्या खुर्चीपासून. दीड वर्षाच्या आसपास खुर्ची नुसती घरात आणायची, ही तुझी म्हणून सांगायचं, कपडे घालूनच बसू द्यायचं, मग कधीतरी डायपर काढून, मग घाण डायपर त्याच्यासमोर त्या भांड्यात टाकायचा म्हणजे कुठे काय जातं ते त्याला दिसतं. घाई नाही, आणि मुलाने नको म्हटलं की थांबायचं. ह्याच्या बरोबर उलट टोक म्हणजे १९७०च्या दशकातले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅझ्रिन आणि फॉक्स, त्यांचं म्हणणं भरपूर पाणी पाजा, शू करणारी बाहुली दाखवा, सतत सराव करून घ्या आणि एका दिवसात संपवा. काही लोकांना जमतं म्हणे. मला त्या दिवशीच्या फरशीची काळजी वाटते.

वयापेक्षा लक्षणं बघितलेली बरी. दोन-दोन तास डायपर कोरडा राहतोय, झाल्यावर का होईना पण सांगतोय, चड्डी स्वतः खाली ओढता येतेय, साधं सांगितलेलं कळतंय, मोठ्यांच्या मागे बाथरूममध्ये घुसतोय. ह्यातलं बरंचसं दिसत नसेल तर जगातली कुठलीही पॉटी आणा, ती घरात टोपली म्हणूनच वापरली जाणार.

आता बाकीच्या वस्तू भराभर. कमोडवर ठेवायची छोटी सीट: उपसायचं काम नाही हा मोठा फायदा, पण घेताना ती कमोडवर ठेवून डावी-उजवीकडे हलवून बघा, खाली रबराच्या पट्ट्या नसतील तर सरकते, आणि एकदा पोराचं ढुंगण आत गेलं की विश्वास गेला तो गेलाच. पायाखाली स्टूल हवंच हवं, त्याशिवाय अर्धीच वस्तू घेतली असं समजा. शिडी जोडलेली सीट मिळते, ती दिसायला फार हुशार, पण उघडायला वेळ लागतो आणि ह्या वयात "शू आली" आणि "शू झाली" ह्यांच्यामध्ये जेमतेम श्वास घेण्याएवढी जागा असते. तीन वर्षांनंतर, धरता यायला लागल्यावर ठीक. आणि मोठ्या कमोडच्या फ्लशला बरीच मुलं घाबरतात, आपल्यातलं काहीतरी भोवऱ्यात गेलं आणि आता आपणही जाणार असं त्यांना वाटतं, तर ती बाहेर गेल्यावर फ्लश करा. बाहेर सेन्सरवाला फ्लश असेल, जो बसल्या बसल्या आपोआप सुटतो, तर त्या सेन्सरवर कागदाची चिकटपट्टी लावून टाका, एका मैत्रिणीने सांगितलेली ही युक्ती सोन्याची आहे.

ट्रेनिंग पॅन्ट्स म्हणून जे पुल-अप डायपर मिळतात ते डायपरच आहेत, घालायची पद्धत फक्त वेगळी. आतली जेल सगळं इतकं पटकन शोषते की पोराला ओलं लागतच नाही, मग कळणार कसं. प्रवासाला ठीक. घरात शिकायचं असेल तर कापडी जाड चड्डी चांगली, ओघळ थोडा अडतो पण पोराला ओलं चिकट वाटतं आणि तो थबकून खाली बघतो. तो खाली बघतो ना, ती नजर फार महत्त्वाची. अशा चड्ड्या भरपूर लागतात, आणि इलॅस्टिक सैल हवं, त्याला स्वतः ओढता आलं पाहिजे. नाडी, बटणं, एकसलग कपडे ह्या काळात कपाटात.

रात्रीचं वेगळं खातं आहे, ते ह्या वस्तूंनी शिकवता येत नाही. रात्री शू कमी तयार व्हावी म्हणून शरीरात जे हार्मोन वाढतं ते आणि झोपेतून जाग येणं ही ज्याच्या त्याच्या वेळेने येणारी गोष्ट. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं ह्याला डॉक्टरही आजार म्हणत नाहीत. तर रात्रीचा डायपर लाज न बाळगता चालू ठेवा आणि गादीवर वॉटरप्रूफ चादर, शक्यतो दोन, म्हणजे रात्री वरची ओढून काढली की खाली कोरडी तयार. वरची सळसळ आवाज करणारी घेऊ नका, आमची पहिली कुशी बदलली की चिप्सच्या पिशवीसारखी वाजायची.

आणि सगळं जमल्यावर परत बिघडतं, तेव्हा पॉटीला दोष देऊन नवीन आणायला धावू नका. आजारपण, घर बदलणं, नवीन बाळ, शाळा सुरू होणं, एवढंच कशाला पाहुणे आले तरी चालतं, पोर चांगलं सांगत असतं ते अचानक चड्डीत करायला लागतं. आमच्याकडे हे झालं तेव्हा मामा अजून एक पॉटी घेऊन येणार होता, ह्यावेळी फ्लशचा आवाज काढणारी. फोनवरच थोपवला. मुकी परत हॉलच्या कोपऱ्यात आणून ठेवली, कोणी काही बोललं नाही, काही दिवसांत गाडी रुळावर.

मुकीच्या तक्रारी पण लिहायला हव्यात. एक, खाली रबर आहे पण ओल्या फरशीवर ती तरीही सरकते, पोर उठताना मागे जाते, म्हणून खाली पायपुसणं ठेवतो. दोन, पाठ टेकायला मागे जी पट्टी आहे ती फार बुटकी, नसती तरी चाललं असतं. तीन, झाकण नाही. झाकणाची गरज लागते, कारण घरात रांगणारं किंवा नुसतं कुतूहल असलेलं कोणी असेल तर... नको, जाऊ दे. चार, साडेतीनच्या पुढे उंच मुलाला ती छोटी पडणार, गुडघे छातीला लागतात, तेव्हा कमोडची सीट आणि स्टूल घ्यायचंच आहे.

मुकी: पाचपैकी साडेचार, अर्धा झाकणासाठी कापला. गाणारी: दोन, त्यातला एक मामाच्या प्रेमाचा आणि एक गाडी म्हणून चांगली पळते त्याचा. कापडी चड्ड्या: चार. शिडीवाली सीट: तीन, उशिरा घेतलीत तर. गाणारी कुणी आधीच भेट दिली असेल तर खालचा स्क्रू काढून बॅटरी बाहेर काढून ठेवा, भांडं मागून निघणारं नसेल तर तीही बऱ्यापैकी मुकी म्हणून चालून जाते.